दोन द्या, एकसारख्या

त्या घरात सुनांसाठी एक वस्तू अशी कधी आलीच नाही. आली की दोन. त्याही इतक्या सारख्या, की धुऊन दोरीवर वाळत घातल्या तर कुठली कुणाची हे सुनांनाही सांगता येऊ नये. थोरलीला निळा स्वेटर, तर धाकटीलाही निळाच स्वेटर. थोरलीच्या पर्सला सोनेरी कडी, तर धाकटीच्या पर्सलाही तीच कडी आणि तीच साखळी; आणि दुकानदाराच्या हातून एकीवर बारीकसा ओरखडा उठला असेल तर दोन्ही परत. हा सासूबाईंचा कायदा. त्यावर अपील नाही. घर पडलं चपला-बुटांच्या दुकानदारांचं, त्यामुळे लोक गमतीने म्हणायचे, यांनी सुनासुद्धा जोडावर आणल्यात.

आता जोड म्हटला की दोन्ही नग सारखे नकोत का? घोडं अडायचं ते इथेच. थोरली उंच, सडसडीत, सावळी. माळ्यावरचा खोका शिडी न लावता काढणारी. धाकटी गोरीपान, ठेंगणी, गुटगुटीत. तिला तोच खोका काढायला शिडी लावून वर टाचा उंचवाव्या लागायच्या. आवळ्या-भोपळ्याची मोट नुसती. जे थोरलीच्या गुडघ्यावर यायचं ते धाकटीच्या घोट्यावर लोळायचं. पावलांचे नंबर तेवढे वेगळे होते. त्यावर मात्र सासूबाईंकडे इलाज नव्हता.

मागच्या थंडीत त्यांनी दोघींना पिवळ्याधमक शाली आणल्या. थोरली ती शाल पांघरून दुकानात बसली की गिऱ्हाईक बुटात पाय घालता घालता काळजीने विचारायचं, "वहिनी, बरं नाही का?" ती म्हणायची, "छे हो, मस्त आहे." आणि मूग गिळून बसायची. एवढंच समाधान मानायची की धाकटीला तरी तो रंग खुलतो. एकीचं तोंड कडू झालं तर झालं, दुसरीचं गोड आहे ना. पण माणूसच ते. किती दिवस दुसरीच्या गोडावर जगणार? मनातल्या मनात तिचं एकच मागणं होतं: आयुष्यात एक वस्तू अशी हवी, जी फक्त माझी असेल. धाकटीकडे नसेल. हलकी, भारी, कशीही चालेल, पण एक.

आणि देव पावला. बुटांच्या कंपनीने वर्षभराच्या विक्रीवर खूश होऊन थोरल्याला परदेशवारीची दोन तिकिटं बक्षीस दिली. समुद्रापलीकडचं मोठं शहर, नदी, उंच मनोरे आणि म्हणे जन्मात बघितला नसेल असा बाजार. थोरलीने त्या संध्याकाळी आनंदाने एका गिऱ्हाइकाला दोन्ही डावे बूट खोक्यात भरून दिले.

तिचा आनंद जेवणाच्या पाटापर्यंत टिकला. सासूबाई म्हणाल्या, "एक सून विमानात बसणार आणि दुसरी इथे ओटा पुसणार? माझ्या घरात असले प्रकार चालायचे नाहीत." म्हणून धाकट्याची आणि धाकटीची तिकिटं काढली. मग सासूबाईंना आठवलं की तिकडे खरेदी होणार, आणि खरेदीवर नजर ठेवायला कुणी नको का? म्हणून त्यांचंही तिकीट काढलं. दुकान नोकरांवर सोपवून सगळं घर निघालं.

हॉटेलात खोल्या दोन मिळाल्या. साध्या माणसांनी काय केलं असतं ते तुम्हाला कळतंच आहे. सासूबाईंनी दोन्ही मुलगे एका खोलीत घातले आणि दोन्ही सुना घेऊन स्वतः दुसऱ्या खोलीत राहिल्या. "एकीला नवऱ्यासोबत खोली आणि दुसरीला माझ्यासोबत, हे मला जमणार नाही," म्हणाल्या. न्याय म्हणजे न्याय. थोरल्याने एकदा आईकडे बघितलं आणि आपली बॅग उचलली.

सकाळी गाईडबाई आली. हातात छोटा झेंडा, डोक्यावर टोपी, मोडकंतोडकं हिंदी आणि अखंड हसू. तिने सगळ्यांना होडीत बसवून नदीतून फिरवलं. दोन्ही काठांना काचेच्या इमारती, त्यांच्या पायाशी पत्र्याच्या छपरांची घरं, घरांच्या खिडक्यांतून पाण्यावर वाळत घातलेले कपडे. हवा अशी दमट की हातातला रुमाल वाळतच नव्हता. सासूबाईंनी ते कपडे नीट न्याहाळले आणि म्हणाल्या, "बघा, प्रत्येकीचा वेगळा रंग. घरात शांतता असेल का यांच्या?"

मग मनोऱ्यावर नेलं. लिफ्टमधून वर जाताना कान बंद झाले, वर गेल्यावर तोंडं उघडी पडली. सगळं शहर पायाखाली. आणि पाय म्हटले की आलेच दोघे भाऊ. आलेली दुनिया काचेतून शहर बघत होती, हे दोघे दुनियेच्या पायांकडे बघत होते. "दादा, तो तपकिरी बघ, तळ शिवलेला आहे." "कसला शिवलाय, चिकटवलाय, वर खोटी शिवण मारलीय." धाकट्याने तिथे काढलेले फोटो नंतर बघितले तर एकातही मनोरा नव्हता. गुडघ्याच्या वर कुणी नव्हतंच.

दुपारी बाजार. छपराखाली गल्ल्याच गल्ल्या, गल्लीत दुकानं, दुकानात पुन्हा दुकानं. कापड, पर्सा, दिवे, छत्र्या, पंखे, खेळणी. सासूबाईंना परकी भाषा येत नव्हती, पण दोन शब्द त्या घरून घोकून आल्या होत्या. वस्तू उचलायच्या, दोन बोटं वर करायच्या आणि म्हणायच्या, "टू. सेम." एवढ्यावर त्यांनी बाजार जिंकला. तास-दीड तासात अशी ख्याती पसरली की त्या पुढच्या दुकानाशी पोचायच्या आत तिथली बाई दोन बोटं वर करून हसायची.

एका दुकानात थोरलीने सहज एक पर्स उचलली. साधीच होती, चामड्याची, गंजासारख्या रंगाची. सासूबाईंनी बोटं वर केली. दुकानदारीण मान हलवून म्हणाली की नाही, ही एकच उरलीय.

एकच! थोरलीने पर्स पोटाशी घट्ट धरली. तिला वाटलं हीच ती, हिच्यासाठीच मी समुद्र ओलांडला.

"एकच आहे? मग नको," सासूबाई म्हणाल्या. पर्स सुनेच्या हातातून काढून, फळीवर होती तशी सरळ ठेवून त्या पुढे चालू लागल्या. दुकानदारीण मागून दुसऱ्या रंगाची दाखवत राहिली, पण ऐकतंय कोण. मग तिने उंच थोरलीकडे बघितलं, ठेंगण्या धाकटीकडे बघितलं, दोघींच्या अंगावरच्या एकसारख्या हिरव्या कपड्यांकडे बघितलं आणि गाईडबाईला काहीतरी विचारलं. गाईडबाई हसत म्हणाली, "पूछती है, आप जुड़वाँ हो?"

धाकटी खुदकन हसली. थोरलीला मात्र काही हसू आलं नाही. तिने तिथल्या तिथे ठरवलं: उद्या शेवटचा दिवस. उद्या मी एकटी येणार. काहीही झालं तरी येणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी योग जुळून आला. कालच्या पायपिटीने सासूबाईंचे गुडघे धरले होते, त्या पलंगावर पाय पसरून पडल्या. भाऊ कुठलीशी बुटांची गल्ली शोधायला गेले. धाकटी म्हणाली, मी खाली लॉबीत बसून माहेरी फोन करते. थोरलीने अगदी काळजीचा चेहरा केला आणि म्हणाली, "आई, तुमच्या गुडघ्याला मलम बघून येते."

"एकटी जाशील?"

"समोरच तर आहे दुकान."

दुकान समोर होतं हे खरं. बाजार त्याच्या मागे होता, हेही खरं. खोटं असं ती काहीच बोलली नव्हती.

रस्ता ओलांडताना तिला इतकं हलकं वाटलं की हसू यायला लागलं. इतक्या वर्षांत ती दुकानात बसली होती ती विकायला. घ्यायला म्हणून, एकटीने, कुणाच्याही मागे-पुढे न राहता ती कधी गेलीच नव्हती. ती तडक कालच्या दुकानात गेली. पर्स फळीवर तशीच होती. तिने उचलली, आरशासमोर धरली.

आणि काय सांगावं, पर्स अगदी सामान्य निघाली. कडेची शिवण वाकडी, आतलं अस्तर निकृष्ट, चामडं म्हणायचं म्हणून चामडं. काल ती पर्स आवडलीच नव्हती, काल आवडलं होतं ते तिचं एकटं असणं. थोरलीने पर्स ठेवून दिली आणि स्वतःवरच जरा वैतागली. काही हरकत नाही, बाजार मोठा आहे.

पुढच्या दुकानात तिने एक झगा उचलला. "तुझ्यासाठी?" दुकानदारणीने खुणेने विचारलं. "हो, माझ्यासाठी," थोरलीने ठणकावून छातीवर हात ठेवला, आणि झगा अंगाला लावून आरशात बघितलं. दुकानदारीण गोंधळली. थोरलीने झगा धरला होता तो खांद्याला नाही, खांद्याच्या वीतभर खाली. बरोब्बर तिथे, जिथे धाकटीचा खांदा येतो.

थोरलीच्या हे उशिराने लक्षात आलं. तिने झगा वर ओढला. आता तो तिचा झाला, पण तो चांगला दिसतोय की वाईट हेच कळेना. पुढच्या दुकानात स्कार्फ उचलला, तर मनात आलं, धाकटीच्या रंगावर काय खुलेल! छत्री उघडली, तर मनात आलं, दांडा मोठा आहे, धाकटीला झेपणार नाही. कानातलं बघितलं, तर धाकटीचे कान चिघळतात. गल्लीमागून गल्ली झाली. काय पाहिजे ते ठाऊक असेल तर माणूस शोधेल ना? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! ती, रोज शेकडो खोक्यांतून डोळे झाकून गिऱ्हाइकाचा नंबर काढणारी बाई, स्वतःचा रंग कुठला हे सांगू शकत नव्हती. तिला रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

म्हणून ती शालींच्या दुकानात शिरली. म्हटलं, डोळे मिटून एक उचलायची आणि निघायचं. आत एक लांबलचक आरसा होता, आणि आरशात, पलीकडच्या बाजूला, अगदी तिच्यासारख्याच कपड्यांतली एक ठेंगणी बाई टाचा उंचावून उभी होती. दोन्ही हात डोक्याच्या वर ताणलेले, हातात विटकरी रंगाची शाल, आणि मान वाकडी करून ती त्या शालीकडे असं बघत होती जणू शालीच्या आत अदृश्य कुणीतरी उंच माणूस उभं आहे.

"धाकटे!"

शाल धाकटीच्या तोंडावर पडली. ती बाजूला करून तिने बघितलं, आणि चोरी पकडल्यासारखी लाल झाली.

"तू लॉबीत बसून माहेरी फोन करत होतीस ना?"

"आणि तुम्ही आईंना मलम आणायला गेला होतात ना? इथे मलम शालींच्या दुकानात मिळतं वाटतं?"

आता चोराच्या मनात चांदणं. दोघीही चोर म्हटल्यावर उजेड पडायला वेळ लागला नाही. पण आधी भांडण झालं. अगदी मोकळ्या गळ्याने झालं, कारण परक्या मुलखात कुणाला काय कळतंय? दुकानदारीण स्टूल ओढून बसली. शेजारच्या दोघी-तिघी आल्या.

"सरळ सांग ना, तुला एकटीला घ्यायचं होतं," थोरली म्हणाली. "माझ्यापासून लपवून."

"तुम्हाला नव्हतं घ्यायचं लपवून?"

"होतं! मला हक्क आहे! इतकी वर्षं मी तुझ्यासाठी काय काय अंगावर घातलं. तो पिवळा गुंडाळून फिरले, लोक मला तब्येत विचारायला लागले, पण म्हटलं जाऊ दे, हिला शोभतो, हिला आवडतो."

"मला?" धाकटीचा आवाज चिरकला. "मला आवडतो? पिवळा? अहो ताई, पिवळा बघितला की माझ्या पोटात ढवळतं! मी आपली तुमच्यासाठी घालत होते. तुम्हीच म्हणालात आईंना, की छान आहे."

"तू आधी म्हणालीस!"

"मी म्हणाले कारण तुम्ही शाल हातात घेऊन बघतच राहिलात. मला वाटलं, केवढी आवडलीय."

"अगं, मला धक्का बसला होता!"

मग थोरलीने हळूच विचारलं, "आणि तो निळा स्वेटर? टोचणारा?"

"तुमच्यासाठी."

"ती वाजणारी साखळीवाली पर्स?"

"मला वाटलं तुम्हाला ती साखळी..."

"मला त्या साखळीने मानेवर चट्टे पडतात!"

आता मात्र धाकटीला हसू आवरेना. ती हसली तशी थोरली हसली, आणि मग दोघी एकमेकींच्या अंगावर पडून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. काय म्हणायचं याला? घरभर वस्तू, आणि त्यातली एकही कुणालाच नको होती. एकीने दुसरीसाठी सोसलं, दुसरीने पहिलीसाठी सोसलं, आणि मधल्या मधे दुकानदारांचं भलं झालं. बघायला जमलेल्या बायकाही हसायला लागल्या, काही न कळता.

"मग आता सांग," थोरली डोळे पुसत म्हणाली, "तुला काय आवडतं?"

धाकटीने दुकानभर नजर फिरवली. "तुमचं सांगा आधी."

"मला नाही येत सांगता. मघापासून तेच करतेय." मग तिला एकदम काहीतरी सुचलं. "पण तुझं सांगू शकते. तुला फिक्का जांभळा. बारीक बुट्टीचा. आणि आखूड, म्हणजे तू त्यात बुडणार नाहीस."

"आणि तुम्हाला हा विटकरी," धाकटी पायाशी पडलेली शाल उचलत म्हणाली. "मघापासून हीच धरून बघत होते. माझं काही सुचेना, म्हणून तुमचं बघत बसले."

थोरलीने शाल पांघरली. आरशात एक उंच, सावळी, देखणी बाई उभी होती. थोरलीला ती क्षणभर ओळखूच आली नाही. मग आली, तशी ती ताठ उभी राहिली.

विटकरी आणि जांभळी, दोन्ही शालींचे पैसे देऊन बाहेर पडल्या तेव्हा धाकटीचं अवसान गळलं. "ताई, आईंना काय सांगायचं? त्यांना वाटेल आता घर फुटलं. काकूंसारखं."

काकू म्हणजे सासूबाईंची सख्खी धाकटी जाऊ. एकेकाळी सगळे एकाच घरात होते, दुकानही एकच होतं. मग काहीतरी झालं. काय झालं ते सुनांना कुणी सांगितलं नाही. "शब्दाने शब्द वाढला" एवढंच. काकूंचं दुकान आता रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर. सासूबाई आपल्या दुकानात आल्या की रस्त्याकडे पाठ करून बसायच्या. काकूही त्यांच्या दुकानात तशाच बसायच्या. दोन म्हाताऱ्या वर्षानुवर्षं एकमेकींना पाठ दाखवत होत्या. सुनांचं मात्र काकूंशी बरं होतं. गिऱ्हाइकाला हवा तो नंबर संपलेला असला की थोरली हळूच काकूंना फोन लावायची, आणि सासूबाईंना ताकास तूर न लागू देता समोरून खोका यायचा.

"पिशवीत घालून ठेवू," थोरली म्हणाली. "घरी गेल्यावर बघू." पण म्हणता म्हणता तिला ते स्वतःलाच कसंतरी वाटलं. एक वस्तू मिळवली, आणि ती कपाटाच्या तळाशी लपवायची? मग मिळवली कशाला? तिने शाल पिशवीतून काढून खांद्यावर टाकली. "चल. काय व्हायचं ते होऊ दे. पण तूही घाल."

खोलीत सासूबाई पलंगावर बसून कालची खरेदी जोडीजोडीने लावत होत्या. दार उघडलं तशी त्यांनी मान वर केली. आधी विटकरी बघितली. मग जांभळी. मग पुन्हा विटकरी. हातातली वस्तू त्यांनी खाली ठेवली. सुनांना वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला, घाबरलेल्या पोरीसारखा. थोरलीने तो तसा कधी बघितला नव्हता.

"वेगळ्या घेतल्यात," त्या म्हणाल्या.

"आई, ऐका तरी."

"काय ऐकू? वस्तू वेगळी आली की कपाट वेगळं येतं. कपाट वेगळं आलं की चूल वेगळी येते. आमच्याकडे एक छत्री आली होती. एकच. तुमच्या सासऱ्यांनी मला आणली, तिला कुणी आणली नाही. छत्रीच हो, काय सोन्याची होती? पुढचं तुम्हाला दिसतंच आहे, रस्त्यापलीकडे." त्यांनी चादरीवरची सुरकुती नीट केली. "म्हणून मी जन्मभर दोन दोन आणत आले. मला काय हौस होती?"

थोरली त्यांच्याजवळ पलंगावर बसली. "आई, माझी शाल हिने निवडली. आणि हिची मी. आम्ही वेगळ्या नाही झालो. उलट आज पहिल्यांदा धड बोललो. आणि ती पिवळी शाल आम्हा दोघींनाही आवडत नाही."

"दोघींनाही?"

"दोघींनाही," धाकटी दारातूनच म्हणाली.

सासूबाईंनी विटकरी शालीचा पदर हातात घेऊन चुरगळून बघितला. मग धाकटीला हाताने जवळ बोलावून तिची जांभळी सारखी केली. थोडं मागे सरून दोघींकडे बघितलं, डोळे बारीक करून, खूप वेळ. "बऱ्या दिसताय," म्हणाल्या. कबूल करायला जड गेलं, पण केलं. "आणि मला काय आणलंत?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. काही आणलं नव्हतं. आणायचं मनातही आलं नव्हतं. थोरलीला भयंकर लाज वाटली. मला कुणी विचारत नाही, मला कुणी विचारत नाही म्हणून इतकी वर्षं ती धुसफुसत होती, आणि या बाईला तरी कुणी विचारलं होतं?

"आई," ती म्हणाली, "तुम्हाला कुठला रंग आवडतो?"

"मला काय, कुठलाही..." सासूबाईंचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "मला नाही गं सांगता येत. तिला विचारायला पाहिजे."

"कुणाला?"

"तिलाच. माझे कपडे तीच निवडायची. मी तिचे, ती माझे. छत्रीच्या आधी."

खोलीत नुसता एसीचा आवाज. थोरलीने पर्समधून मोबाईल काढला. "लावू?"

"तुझ्याकडे तिचा फोन कुठून आला?"

थोरलीने जीभ चावली. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. मी काय आंधळी आहे? आपल्या दुकानात त्यांचे खोके येतात, मला दिसत नाहीत वाटतं?" मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "लाव. पण मी नाही बोलणार. तू विचार."

थोरलीने स्पीकर लावला. घंटी वाजत राहिली. मग पलीकडून खणखणीत आवाज आला, "बोल गं थोरले! कुठला नंबर पाठवू?"

"नंबर नको काकू. आम्ही बाहेर आहोत, परदेशात. एक विचारायचं होतं. आईंना कुठला रंग शोभतो?"

पलीकडे एकदम शांत झालं. इतकं, की धाकटीला वाटलं लाइन गेली.

"तिने विचारायला सांगितलं?"

सासूबाईंनी जोरजोरात मान हलवली: नाही, नाही म्हण. थोरलीने त्यांच्या डोळ्यात बघत म्हटलं, "हो."

मग कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज. "डाळिंबी," काकू म्हणाल्या. "दुसरा कुठलाही घेऊ देऊ नका तिला. आणि काठ बारीक बघा. रुंद काठात ती बुटकी दिसते. मी तेव्हाही हजारदा सांगायचे, ऐकलं असेल तर शपथ."

"बुटकी?" सासूबाईंनी मोबाईल सुनेच्या हातातून ओढलाच. "बुटकी कोणाला म्हणतेस गं? स्वतःची उंची बघ आधी! पाट घेतल्याशिवाय फळीवरचा डबा निघत नव्हता तुझा!"

"निघत नव्हता म्हणूनच तर तू काढून द्यायचीस!"

सासूबाई मोबाईल घट्ट धरून भिंतीकडे वळल्या. थोरलीने धाकटीचा हात धरला, दोघी हळूच बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं. व्हरांड्यात कुणी नव्हतं. आतून आवाज येत होते. कधी चढा, कधी अगदी बारीक.

"ताई, काय बोलतायत?" धाकटीने विचारलं. चोरून ऐकायला तिची उंची पुरली असती, पण धीर होत नव्हता. थोरलीने वाकून दाराला कान लावला.

"म्हणतायत, मी कुठे रडतेय? इथे एसी फार आहे, म्हणून नाक वाहतंय."